बिनतक्रार चुकणारा प्रोग्रॅम

मंचरहून घोडेगाव, डिंभे असे करीत भीमाशंकरकडे निघालात की वाटेत तळेघर लागते. घोडेगावला नुसती भुरभुर असावी आणि तळेघर येईतो समोरचा रस्ता दिसेनासा व्हावा, हा पावसाळ्यातला नेहमीचा अनुभव. असे का होते, हे तुम्ही भूगोलात शिकला आहातच. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढतात, वर गेल्यावर थंड होतात आणि आपले ओझे घाटमाथ्यावरच टाकून देतात. पूर्वेकडे उतरेपर्यंत त्यांच्याजवळ फारसे काही उरत नाही. म्हणूनच जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागात एका गावाचा पावसाचा आकडा दुसऱ्या गावाला लावून चालत नाही. तो गावोगाव वेगळा मोजावा लागतो.

हे मोजमाप म्हणजे केवळ हौस नव्हे. ३० जुलै २०१४ रोजी भल्या सकाळी, कोसळत्या पावसात, याच आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर ढासळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. किती तासांत किती पाऊस झाला, तो कोणत्या मर्यादेपलीकडे गेला, हे वेळेवर कळणे अशा मुलखात फार मोलाचे असते. भातशेतीच्या नुकसानभरपाईचा प्रश्नही याच आकड्यांवर येऊन ठेपतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडला तर महाराष्ट्रात त्याला अतिवृष्टी मानतात.

आता असे समजा, की तळेघरच्या एखाद्या शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवला आहे. रोज सकाळी साडेआठ वाजता मागील चोवीस तासांचा पाऊस मोजायचा, ही भारतीय हवामान खात्याची पद्धत. दहावीचा वर्ग आळीपाळीने नोंदी घेतो आणि त्यांचा हिशेब करण्यासाठी संगणकावर सी भाषेत एक प्रोग्रॅम, म्हणजे आज्ञावली, लिहिली जाते. सी भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत घडवली. सी प्लस प्लस, जावा आणि शाळाशाळांतून दिसणाऱ्या अर्डुइनोच्या पट्टीवर चालणारी भाषा ही सारी त्याच घराण्यातली. म्हणून पुढे जे सांगणार आहे ते या सर्वांना थोड्याफार फरकाने लागू पडते. (छपाईच्या सोयीसाठी येथे सी भाषेतले शब्द आणि अंक देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीतच टंकावेत.)

नवशिक्याच्या चुका दोन जातींच्या असतात. ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला, कंस मिटवायचा राहिला, नाव चुकीचे टंकले, तर कंपायलर तेथेच अडून बसतो आणि पुढे जात नाही. मुले अशा वेळी वैतागतात. परंतु या चुका खरे तर आपल्या मित्र आहेत, कारण त्या आरडाओरडा करतात. दुसऱ्या जातीच्या चुका गप्प असतात. प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, उत्तर छापतो आणि ते उत्तर चुकीचे असते. आपण आज या गप्प चुकांचाच विचार करू.

पहिली चूक अगदी साधी दिसते:

इंट पाऊस;
पाऊस = ६५.४;
इफ (पाऊस > ६५) प्रिंटएफ("अतिवृष्टी");

पाऊस ६५.४ मिलिमीटर झाला. तो ६५ पेक्षा अधिक आहे, म्हणजे 'अतिवृष्टी' हा शब्द छापला गेला पाहिजे. तो छापला जात नाही. कारण 'इंट' या शब्दाने आपण संगणकाला सांगितले, की पाऊस नावाचा डबा फक्त पूर्णांकांसाठी आहे. त्यात ६५.४ घालू गेल्यावर दशांश भाग गळून पडतो, आणि तोही जवळच्या पूर्णांकात रूपांतर न होता नुसताच कापला जातो. ६५.९ घातले तरी ६५च राहतात. ६५ हे ६५ पेक्षा मोठे नाहीत, म्हणून अट खोटी. प्रोग्रॅमच्या दृष्टीने हा व्यवहार सरळ आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो किती वाकडा आहे, हे सांगायला नको.

हाच कापाकापीचा नियम भागाकारातही लपलेला असतो. जुलैच्या ३१ दिवसांपैकी २६ दिवस पाऊस पडला. शेकडा प्रमाण काढण्यासाठी विद्यार्थी लिहितो (२६ / ३१) * १०० आणि उत्तर येते शून्य! दोन पूर्णांकांचा भागाकार सी भाषा पूर्णांकातच देते. २६ भागिले ३१ म्हणजे पूर्ण भाग शून्य, आणि शून्याला शंभराने गुणले तरी शून्यच. १०० * २६ / ३१ असे लिहिले तर ८३ येतात, जरी खरे उत्तर ८३.८७ आहे. १००.० * २६ / ३१ असे एक दशांश चिन्ह दिले, की सारे ठीक होते. गणिताच्या वहीत १०० आणि १००.० यांत फरक नसतो. येथे तो असतो.

बरोबरचे चिन्ह

गणिताच्या सवयी नवशिक्याला सर्वांत जास्त कोठे फसवत असतील, तर त्या '=' या चिन्हापाशी. हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समधील गणितज्ञाने १५५७ साली छापील पुस्तकात प्रथम वापरले. दोन समांतर रेषांइतक्या एकसारख्या दुसऱ्या कोणत्याच गोष्टी नाहीत, हे त्याचे कारण त्याने दिले होते. तेव्हापासून आपण '=' पाहिले की 'दोन्ही बाजू समान आहेत' असे वाचतो. आता सी भाषेतील ही ओळ पाहा:

न = न + १;

बीजगणितात हे विधान अशक्य आहे. दोन्ही बाजूंतून न वजा केला तर ० = १ असे उरेल. परंतु सी भाषेत ते विधान नाहीच. ती एक आज्ञा आहे: उजवीकडची किंमत काढ आणि ती डावीकडच्या डब्यात ठेव. डब्यात ४ असतील तर आता ५ होतील. 'बरोबर आहे का?' हे विचारायचे असेल तर '==' असे जोडचिन्ह वापरावे लागते. म्हणून मी वर्गात '=' हे 'बरोबर' असे वाचूच देत नाही. 'न मध्ये ठेव, न अधिक एक' असे मोठ्याने वाचायला लावतो. पहिल्या दिवशी मुले हसतात, पण महिन्याभराने याच मुलांच्या चुका कमी होतात. शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

आता पुढील ओळ:

इफ (इशारा = ०) प्रिंटएफ("आज धोका नाही");

विद्यार्थ्याला विचारायचे होते, की इशारा शून्य आहे का? त्याने प्रत्यक्षात सांगितले, की इशारा शून्य कर! समजा त्या आधीच्या ओळींनी पाऊस मर्यादेबाहेर गेल्याचे पाहून 'इशारा' या डब्यात १ ठेवला होता. या ओळीने तो पुसून टाकला. वर पुन्हा ठेवलेली किंमत शून्य, आणि सी भाषेत शून्य म्हणजे असत्य, म्हणून छापलेही काहीच नाही. याच्या उलट 'इशारा = १' लिहिले असते तर अट रोज खरी ठरली असती, कारण शून्याखेरीज कोणतीही संख्या म्हणजे सत्य.

हा भेद किती बेमालूम असतो याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये कोणीतरी लिनक्स या संगणकप्रणालीच्या मूळ मजकुराच्या एका प्रतीत चोरून दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता त्या 'वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का' हे तपासणाऱ्या होत्या. शून्य क्रमांक म्हणजे संपूर्ण यंत्राचा मालक. पण तेथे '==' ऐवजी '=' होते. म्हणजे ती ओळ तपासणी न करता वापरणाऱ्याला गुपचूप मालक बनवत होती. प्रतींचा मेळ घालताना ही गोष्ट उघडकीस आली म्हणून अनर्थ टळला. नवशिक्याच्या हातून नकळत होणारी चूक तेथे कोणीतरी जाणूनबुजून हत्यार म्हणून वापरली होती.

आजचे बरेच कंपायलर इफच्या कंसात एकेरी '=' दिसले तर शंका प्रकट करतात. मात्र सगळ्या शंका दाखव, असे त्याला आधी सांगून ठेवावे लागते. ती सोय पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

अर्धविराम राहिला तर कंपायलर ओरडतो हे वर सांगितले. पण जास्तीचा अर्धविराम पडला तर?

इफ (पाऊस > २०४); प्रिंटएफ("सावधान");

कंसानंतरचा तो ठिपका-स्वल्पविराम पाहिलात? तेथे वाक्य संपले. 'पाऊस २०४ पेक्षा अधिक असेल तर काही करू नकोस' असा त्याचा अर्थ झाला, आणि 'सावधान' मोकळे सुटले. ते आता ऊन पडलेल्या दिवशीही छापले जाणार. लांडगा आला रे आला, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. रोज वाजणारी घंटा चार दिवसांनी कोणी ऐकत नाही.

तळमजला कोणता?

आठवड्याचे सात आकडे ठेवण्यासाठी आपण 'इंट पाऊस[७];' असे सात खणांचे कपाट मागतो. खणांना क्रमांक कोणते? एक ते सात असे तुम्ही म्हणाल. सी भाषेत ते शून्य ते सहा असतात. इमारतीत आपण आधी तळमजला म्हणतो आणि जिना चढल्यावर पहिला मजला म्हणतो, तसेच हे. क्रमांक येथे 'कितवा' हे सांगत नाही, 'सुरुवातीपासून किती पावले पुढे' हे सांगतो. पहिला खण सुरुवातीलाच आहे, म्हणून शून्य पावले.

आपल्या भागातच याचे एक छान उदाहरण उभे आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे जी महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे, तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. चौदा तबकड्या मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या. मधल्या तबकड्यांच्या नावांची सुरुवात 'सी शून्य शून्य' अशी होते. खोडदच्या सहलीला गेलात तर या नावांकडे मुद्दाम लक्ष द्या.

आता विद्यार्थी बेरीज करताना फॉर (दि = १; दि <= ७; दि++) असे लिहितो. फेऱ्या सातच होतात, म्हणून त्याला शंका येत नाही. पण पहिल्या दिवसाचा पाऊस, म्हणजे पाऊस[०], बेरजेतून सुटतो, आणि शेवटच्या फेरीत पाऊस[७] नावाचा खण वाचला जातो, जो अस्तित्वातच नाही. सी भाषा येथे अडवत नाही. कपाटाला लागून स्मरणात जे काही पडलेले असेल तेच पाऊस समजून उचलते. कधी शून्य मिळते, कधी भलतीच संख्या. आणि तेथे वाचण्याऐवजी लिहिले, तर शेजारच्या डब्यातले सामान खराब होते व चूक तिसऱ्याच ठिकाणी प्रकटते. योग्य लेखन दि = ० पासून दि < ७ पर्यंत. बेरजेचा डबाही सुरू करण्यापूर्वी 'एकूण = ०' असा रिकामा करून घ्यावा. न पुसलेल्या पाटीवर बेरीज मांडल्यासारखे होते ते नाही तर.

हवामान खाते २४ तासांतील पावसाचे वर्ग पाडते. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत मुसळधार. गणितात आपण ६४.५ <= पाऊस <= ११५.५ असे सुटसुटीत लिहितो. सी भाषेतही ते लिहिता येते, कंपायलर काही बोलत नाही, आणि अट सदासर्वदा खरी ठरते! दहा मिलिमीटर पाऊस घ्या. संगणक डावीकडून सुरुवात करतो. ६४.५ <= १० हे असत्य, म्हणजे शून्य. मग ० <= ११५.५ हे सत्य. झाला दहा मिलिमीटरचा पाऊस मुसळधार. येथे दोन अटी वेगळ्या लिहून त्या '&&' या 'आणि'च्या चिन्हाने जोडाव्या लागतात. पायथॉन भाषेत मात्र गणिती पद्धतच चालते. पायथॉन आधी शिकलेली मुले म्हणूनच येथे हमखास अडखळतात.

ही अट दुरुस्त केली तरी सीमेवरचा एक चकवा शिल्लक राहतो. 'फ्लोट' या दशांश डब्यात पाऊस = ११५.६ ठेवा आणि विचारा, पाऊस >= ११५.६ ? नेहमीच्या संगणकावर उत्तर येईल, नाही! विश्वास बसत नसेल तर करून पाहा. कारण असे. संगणक संख्या द्विमान पद्धतीत ठेवतो. एक तृतीयांश दशमान पद्धतीत ०.३३३... असा न संपणारा होतो, तसा ०.६ द्विमान पद्धतीत ०.१००११००११००१... असा न संपणारा होतो. फ्लोटच्या डब्यात २४ द्विमान अंकांचीच जागा असल्याने तो तोडावा लागतो, आणि डब्यात प्रत्यक्षात ११५.५९९९९८... राहतात. उलट अटीत लिहिलेला ११५.६ हा 'डबल' जातीचा, ५३ अंकांचा, म्हणून खऱ्या किमतीच्या कितीतरी जवळ. साहजिकच डब्यातला आकडा किंचित लहान ठरतो. अर्डुइनोच्या 'उनो' पट्टीवर डबल हाही फ्लोटएवढाच असतो, तेथे हेच उत्तर 'होय' येते. एकच प्रोग्रॅम, दोन यंत्रे, दोन उत्तरे! यावर सोपा उपाय म्हणजे पाऊस मिलिमीटरच्या दशांशात, पूर्णांक म्हणून ठेवणे. ११५.६ ऐवजी ११५६. रुपयांचा हिशेब पैशात ठेवावा तसा.

पण हा उपाय करताना डबा केवढा आहे ते पाहायला विसरू नका. जुन्या टर्बो सी मध्ये आणि उनो पट्टीवर इंट १६ बिटांचा, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच्या संख्येचा. दशांशात मोजल्यास ३,२७६.७ मिलिमीटरला तो भरतो. महाबळेश्वरला मोसमात पाच हजार मिलिमीटरही पाऊस होतो. ५०,००० हा आकडा त्या डब्यात गेल्यावर ५०,००० वजा ६५,५३६, म्हणजे उणे १५,५३६ होऊन बाहेर येतो. उणे पाऊस! युरोपचे आरियान-५ हे अग्निबाण ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर चाळीसएक सेकंदांत नष्ट झाले, त्याच्या मुळाशी हेच होते. मोठी दशांश संख्या १६ बिटांच्या डब्यात मावली नाही. भाषा सी नव्हे, एडा होती. डबा लहान पडायला भाषा लागत नाही. आपण 'लाँग' हा मोठा डबा घ्यावा.

आणखी दोन चिन्हांची गंमत सांगतो. नोंदवहीत आकडे एकाखाली एक नीट यावेत म्हणून आपण ०१२, ०४५ असे लिहितो. सी भाषेत आरंभीचे शून्य म्हणजे अष्टमान पद्धतीची खूण. ०१२ म्हणजे दहा, ०४५ म्हणजे सदतीस. ०१८ लिहिले तर मात्र कंपायलर अडतो, कारण अष्टमान पद्धतीत ८ हा अंकच नाही. दुसरे चिन्ह '^'. अनेकांना ते घाताचे वाटते. नरसाळ्याच्या तोंडाची त्रिज्या १० सेंटिमीटर म्हणून १०^२ लिहिले, तर १०० ऐवजी ८ मिळतात, कारण हे चिन्ह दोन संख्यांचे द्विमान अंक ताडून पाहते आणि जेथे ते वेगळे असतील तेथेच १ देते. क्षेत्रफळ साडेबारा पट लहान झाले, म्हणजे पाऊस साडेबारा पट वाढला. वर्ग हवा तर १० * १० लिहावे.

स्विच आणि ब्रेक या जोडीविषयी एकच घटना सांगतो. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याचे दूरध्वनी जाळे सुमारे नऊ तास कोलमडले. सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये स्विचच्या आत एक इफ, आणि त्या इफच्या आत एक ब्रेक होता. लिहिणाऱ्याला वाटले एक, आणि ब्रेकने नियंत्रण नेले स्विचच्याच बाहेर. ब्रेक इफमधून बाहेर काढत नाही, तो सभोवतालच्या स्विचमधून किंवा फेऱ्यांमधून बाहेर काढतो, हा नियम पुस्तकात एका ओळीत असतो.

प्रोग्रॅम लिहून झाला की ज्यांची उत्तरे हाताने काढता येतात असे आकडे त्याला आधी द्या, आणि तेही नेमके सीमेवरचे. आपल्या पर्जन्यमापकासाठी ०, ६५, ६५.४, ११५.५, ११५.६, २०४.५ हे सहा आकडे पुरेत. उत्तरे आधी कागदावर लिहा, मग संगणक चालवा. उलट क्रमाने केले तर पडद्यावरचे उत्तर बरोबरच वाटू लागते.

सोडवून पाहा

(१) फॅरनहाइटचे सेल्सिअस करताना एका विद्यार्थ्याने से = ५ / ९ * (फॅ - ३२) असे लिहिले. फॅ = ९५ असता काय छापले जाईल? खरे उत्तर किती?

(२) आठ आकडी कपाटात सर्वांत मोठा पाऊस शोधायचा आहे. आरंभी 'मोठा = ०' ठेवले तर पावसाच्या बाबतीत चालेल. लडाखमधील जानेवारीच्या तापमानासाठी का चालणार नाही?

(३) अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या डब्यात मोजत आले. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. डबा भारतीय वेळेप्रमाणे १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल. आरंभाचा क्षण ग्रिनिचच्या वेळेचा आहे हे ध्यानात घेऊन, लीप वर्षे नीट मोजून, हे उत्तर कागदावर पडताळा.